ऑफिसच्या खात्यावरून बोलायला शिकताना

जनसंपर्काच्या कामाला नव्यानं लागलेल्या पोरापोरींची एक गंमत दर वर्षी बघायला मिळते. स्वतःच्या इन्स्टावर दिवसभर स्टोऱ्या टाकणारी, चहा येईपर्यंत रील एडिट करून मोकळी होणारी ही मंडळी ऑफिसच्या पेजवर दोन ओळी टाकायची वेळ आली की आठवडा लावतात. ड्राफ्ट साहेबांकडे जातो, साहेब 'बघू' म्हणतात, आणि शिबिर उरकून चार दिवस झाल्यावर सत्काराचे अकरा फोटो एकदम पडतात.

ही भीती सोशल मीडियाची नसते, दुसऱ्याच्या नावानं बोलायची असते. स्वतःच्या खात्यावर चुकलं तर आपण चुकतो. इथं संस्था चुकते, आणि संस्थेत आपण सगळ्यात नवे. म्हणून हा लेख हॅशटॅग आणि रील यांच्यापेक्षा ऑफिसच्या नावानं बोलायचं कसं यावर जास्त आहे. लातूर, परभणी, बीड, नांदेडसारख्या ठिकाणी ट्रस्टचं रुग्णालय, सहकारी बँक, कॉलेज, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सामाजिक संस्था यांत जे एकटेच हे खातं सांभाळतात, त्यांच्यासाठी. एकटेच म्हणजे प्रेसनोट तुम्ही, फोटो तुम्ही, फ्लेक्सचं प्रूफही तुम्हीच बघायचं आणि पाहुण्यांची गाडी कुठवर आली हेही तुम्हालाच विचारणार.

पहिलं काम: चाव्या ताब्यात घ्या

पोस्टचा विचार नंतर. आधी खाती कुणाच्या हातात आहेत ते शोधा. जुन्या संस्थांत फेसबुक पेज हमखास कुणीतरी सोडून गेलेल्या माणसानं स्वतःच्या प्रोफाइलवरून काढलेलं असतं, यूट्यूब चॅनल कुणाच्या तरी भाच्याच्या जीमेलवर असतं आणि व्हॉट्सॲपचा नंबर लेखा विभागातल्या एका जुन्या फोनमध्ये. त्या माणसांना फोन करा, गोड बोला, प्रवेश मागून घ्या. भांडून चालत नाही, कारण चावी त्यांच्याकडे आहे.

पेजचा पासवर्ड असा वेगळा नसतो. पेजवर माणसं नेमायची असतात, आणि प्रत्येक जण आपापल्या प्रोफाइलवरून काम करतो. पूर्ण अधिकार निदान दोघांकडे ठेवा: एक तुम्ही, दुसरं संस्थेत टिकून राहणारं कुणीतरी. ईमेल संस्थेचा, सिम संस्थेच्या नावावर, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय, सगळीकडे चालू. 'तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आली आहे, २४ तासांत इथं क्लिक करा' असा मेसेज मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीच्या, नावानं येतो. तो मेटाकडून आलेला नसतो. क्लिक करून खातं गेलं आणि त्यावरून कुणी लोकांकडे पैसे मागायला लागलं, तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा.

तुम्ही सरकारी कार्यालयात असाल तर आणखी एक गोष्ट. राज्य सरकारनं जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल परिपत्रक काढलं आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, हे त्यात स्पष्ट आहे. आस्थापना विभागाकडून त्याची प्रत घ्या आणि एकदा नीट वाचा. खासगी संस्थेतही हा नियम स्वतःला लावून घेतलेला बरा. एकाच फोनवर दोन्ही खाती असली की मॅचवरची कमेंट कधीतरी बँकेच्या नावानं जाते.

दुसरं: चौकशीच्या खिडकीजवळ बसा

कंटेंट कॅलेंडर करायच्या आधी दोन-तीन दिवस चौकशीच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसा. रुग्णालयात ओपीडीच्या नोंदणीजवळ, बँकेत पासबुकच्या काउंटरजवळ, कॉलेजात प्रवेशाच्या टेबलाजवळ. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. सुधारून लिहू नका.

'आधार लागतं का?' 'म्हाताऱ्या मायला एकटं धाडलं तर चालतं का?' 'डाव्या डोळ्याचं झालं, उजव्याचं कधी करतेत?' 'शनिवारी असतेत का डॉक्टर?' 'कार्ड हाय, पण नावात चूक हाय, मग?'

ही वही म्हणजे तुमचं पुढच्या तीन महिन्यांचं काम. खिडकीवरची बाई किंवा दादा हेच प्रश्न दिवसाला शंभरदा ऐकतात आणि शंभरदा उत्तर देतात. संस्थेत सोशल मीडिया सगळ्यात चांगला खरं तर त्यांनाच कळतो, फक्त त्यांना तसं कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात दोस्ती करा. पुढं एखादी कमेंट आली आणि उत्तर माहीत नसलं, तर अध्यक्षांना फोन करून उपयोग नसतो, यांना करावा लागतो.

तिसरं: कुठं बोलायचं

नवा माणूस सगळीकडे खातं काढतो आणि महिन्याभरात सगळी बंद पडतात. आपल्याकडे व्हॉट्सॲप आधी. त्यानंतर फेसबुक, कारण गावातला तीस-पस्तिशीच्या पुढचा माणूस अजून तिथं आहे. विद्यार्थी हवे असतील तर इन्स्टाग्राम. यूट्यूब जपून ठेवण्याच्या व्हिडिओंसाठी. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, पत्रकार, अधिकारी आणि पुढारी असतात. तिथं खातं असावं, पण रोज हजेरी लावायची गरज नाही.

व्हॉट्सॲपमध्ये मात्र थोडं थांबा, कारण तिथंच गोंधळ होतो. ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, पण प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. बचत गटाच्या बायका, रुग्ण, मुलींच्या वसतिगृहातल्या विद्यार्थिनी यांचा ग्रुप काढाल तर त्यांचे नंबर अनोळखी माणसांच्या हातात देताय. 'गुड मॉर्निंग'चे गुलाब आणि लग्नपत्रिका येतील ते वेगळंच. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून शिबिरात, काउंटरवर, प्रवेशाच्या दिवशी माणसासमोरच त्याच्या फोनमध्ये संस्थेच्या नावानं नंबर सेव्ह करून घ्या. 'काका, जरा फोन देता का, नंबर टाकून देते' एवढंच म्हणायचं. व्हॉट्सॲप चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. तिथं कितीही लोक येऊ शकतात आणि त्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण ते एकतर्फी असतं. सूचनेला चांगलं, विचारपूस करायला नाही.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप घ्या. ऑफिस बंद असताना आपोआप जाणारा मेसेज आणि ठरलेली उत्तरं त्यात साठवता येतात. तुमच्या वहीतले पहिले दहा प्रश्न तिथं टाकून ठेवा.

चौथं: प्रेसनोट मोडा

इथं जरा वेळ लागेल. कॉलेजात प्रेसनोट लिहायला शिकवतात, पोस्ट लिहायला नाही. त्यामुळं नवा माणूस प्रेसनोटच पेजवर चिकटवतो. एक बघा:

'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, संस्थेच्या वतीने मा. अध्यक्ष महोदयांच्या वाढदिवसाचे औचित्य साधून भव्य मोफत नेत्र तपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिराचे आयोजन करण्यात आले असून परिसरातील गरजू रुग्णांनी या संधीचा बहुसंख्येने लाभ घ्यावा, असे आवाहन करण्यात येत आहे.'

यात शिबिर कधी आहे ते नाही, कुठं आहे तेही नाही. ते तिसऱ्या परिच्छेदात, मान्यवरांच्या यादीनंतर येतं. फोनवर पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात आणि पुढचं बघायला बोट लावावं लागतं. ते बोट कुणी लावत नाही. आता खिडकीवरची वही उघडा आणि हेच परत लिहा:

'डोळ्यांची मोफत तपासणी. रविवारी सकाळी ९ ते दुपारी २. औशाला, बसस्थानकाजवळच्या शाळेत.
मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनही मोफत. दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी आमची.
आधार कार्ड, जुना चष्मा आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत आणा. शुगर-बीपीची गोळी चुकवू नका, नाश्ता करून या.
वयस्कर माणसासोबत घरचं कुणीतरी हवं.
काही विचारायचं असेल तर फोन करा, सकाळी १० ते ६.'

खाली नंबर. वाढदिवस गेला कुठं? तो शिबिराच्या दिवशी फोटोच्या ओळीत येऊ द्या. अध्यक्ष रागावत नाहीत. गर्दी झाली की खूशच होतात. प्रेसनोट वर्तमानपत्रासाठी लागतेच, ती लिहा. पण ती वेगळी वस्तू आहे. वर्तमानपत्रात तिला उपसंपादक कापतो. पेजवर उपसंपादकही तुम्हीच.

भाषेबद्दल वाद होतात, म्हणून माझं मत सांगून टाकते. लेखी मराठी साधी ठेवा, पण मुद्दाम गावठी करू नका. 'काय म्हनतेस बे' असलं काही संस्थेच्या खात्यावरून लिहिलं की लोकांना आपली टिंगल केल्यासारखं वाटतं. आवाजात मात्र बोलीला वाव आहे. नर्सबाई व्हिडिओत जशा बोलतात तशाच बोलू द्या, त्यांना पाठ केलेलं प्रमाण मराठी वाचायला लावू नका. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरच्या पट्ट्यात कन्नड, शहरांत दखनी उर्दू, तांड्यांवर गोरमाटी, हे सगळं आपल्याकडे आहे. तीस सेकंदांची सूचना गोरमाटीत सांगणारी आशाताई सापडली, तर ती तांड्यावर ज्या घरांत जाईल तिथं तुमचं ग्राफिक जाणार नाही.

गावांच्या नावांचंही ठरवून ठेवा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही अधिकृत नावं आहेत, संस्थेच्या लिखाणात तीच वापरा. कमेंटमध्ये कुणीतरी त्यावरून सुरू होईलच. शिबिराच्या पोस्टखाली तो वाद तुम्ही खेळायचा नाही.

आता फॉन्ट. ऑफिसात प्रेसनोट जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप झालेली असते. तो मजकूर कॉपी करून फेसबुकवर टाकला की अक्षरांची गिचमिड होते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर रफार, पोटफोड्या ष आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा; तिथंच गडबड होते. त्याहून सोपं म्हणजे टायपिस्टकाकांना युनिकोड कीबोर्ड लावून द्या. इनस्क्रिप्ट (युनिकोडमधली टायपिंगची पद्धत) येत नसेल तर फोनवर बोलून टाईप होतं, ते करून दाखवा. काका आधी नाही म्हणतील. एकदा त्यांचं स्वतःचं पत्र बोलून टाईप झालेलं पाहिलं की पुढचा ड्राफ्ट स्वतःहून आणून देतात. ग्राफिकला 'मुक्त' किंवा 'बालू' यांसारखे फुकट मिळणारे युनिकोड फॉन्ट वापरा, आणि फ्लेक्सवाल्याचं डिझाइन जसंच्या तसं पेजवर टाकू नका. दहा फुटांच्या फ्लेक्सवर वाचता येणारी बावीस नावं सहा इंचांच्या पडद्यावर मुंग्यांसारखी दिसतात.

पाचवं: फोटो

आपल्याकडचा संस्थेचा फोटो म्हणजे एका ओळीत उभी चौदा माणसं, मध्ये शाल-श्रीफळ, मागे बॅनर. हा फोटो काढा, तो लागतो. काढला नाही तर नोकरीवर येईल. पण तो पहिला टाकू नका. पहिला फोटो कामाचा असावा: पट्टी सोडल्यावर डॉक्टरांची बोटं मोजणारी आजी, माती परीक्षणाची पिशवी बांधणारे हात, प्रवेश अर्ज भरताना कोपऱ्यात वडिलांना फोन लावणारी मुलगी. माणसाच्या जवळ जा, खिडकीकडून उजेड घ्या, फोन उभा धरा. रीलसाठी ९:१६ आणि फीडसाठी ४:५ हे माप लक्षात ठेवा, बाकी सगळं हळूहळू येतं.

व्हिडिओत खाली बोलण्याच्या ओळी (सबटायटल) टाका, कारण दवाखान्यात आणि बसमध्ये आवाज बंद असतो, असं सगळे सांगतात. आपल्या एसटीत लोक फुल आवाजात बघतात, पण ओळी तरी टाकाच. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना लागतात.

परवानगीवाचून कुणाचाही चेहरा टाकू नका. एक अर्धं पान छापून घ्या: फोटो कुठं वापरणार, नको वाटलं तर कुणाला सांगायचं, आणि सही किंवा अंगठा. मोठ्यानं वाचून दाखवा, मग सही घ्या. रुग्णाचा आजार चेहऱ्यासोबत लिहू नका. मुलांच्या बाबतीत कायदा कडक आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पॉक्सो या बालसंरक्षणाच्या कायद्यानुसार उघड करता येत नाही, आणि त्यात फक्त नाव येत नाही. शाळा, गाव, घर, शेजार, ज्यावरून ओळख पटेल ते सगळं येतं. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी मदतीचा धनादेश देतानाचा फोटो टाकायचा आग्रह तुम्हाला कधीतरी होईल. कायद्याच्या आधी तिथं साधी लाज आहे. मी तो फोटो टाकत नाही, मदतीची माहिती नाव न घेता लिहिते.

सहावं: मंजुरीचा घोळ

साहेबांनी प्रत्येक पोस्ट बघायची असेल तर खातं चालत नाही, आणि कुणीच बघायची नसेल तर तुम्ही एक दिवस अडकता. पहिल्या महिन्यातच बसून एका कागदावर तीन गोष्टी ठरवून घ्या. वेळ, पत्ता, कागदपत्रं, सुट्टी ही माहिती तुम्ही न विचारता टाकायची. माणसांच्या कथा, आकडे, देणगी यांचं एका ठरलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवर दाखवायचं, आणि दोन तासांत उत्तर आलं नाही तर फोन करायचा. अपघात, तक्रार, कोर्ट, राजकारण, आरक्षण यांवर वरच्या सहीशिवाय एक अक्षर नाही. कागदावर साहेबांची सही घ्या. तोंडी ठरलेलं तोंडी बदलतं.

जयंत्या-पुण्यतिथ्यांचं काय, असं सगळे विचारतात. विनम्र अभिवादनाच्या ग्राफिकवर महापुरुषांपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा, हे चित्र तुम्ही रोज पाहता. ते एका दिवसात बदलणार नाही. निवडक दिवस ठेवा आणि त्या दिवसाचं आपल्या संस्थेशी काही नातं असेल तर ते दाखवा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, सगळे ध्वजारोहणाचा फोटो टाकतात. तुमच्या कॉलेजाच्या जुन्या रजिस्टरात निजामाच्या काळातला उर्दू माध्यमाचा दाखला असेल, तर तो त्या दिवशी टाका. लोक थांबून बघतील, आणि 'आमच्या आजोबांचा असाच होता' म्हणून स्वतःचे फोटो पाठवतील.

सातवं: उत्तर द्या

पोस्ट टाकून फोन खिशात घातला की काम संपलं, असं वाटतं. दुकान उघडून गल्ल्यावर कुणीच न बसण्यातला तो प्रकार आहे. सुरुवातीला दिवसातून तीनदा कमेंट आणि मेसेज बघा: सकाळी आल्या-आल्या, जेवणानंतर, आणि घरी जाण्याआधी. रात्री बघू नका. आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये 'उद्या सकाळी १० नंतर उत्तर देऊ' असं लिहा आणि खरंच द्या.

पोस्टमध्ये वेळ ठळक लिहिलेली असते, तरी खाली 'किती वाजता?' येतं. 'पोस्ट नीट वाचावी' असं लिहू नका. परत लिहा, 'सकाळी ९ ते दुपारी २.' ज्यानं विचारलं त्याला कदाचित अक्षरं लागत नाहीत, मुलानं लिहून दिलं असेल. बरेच लोक रोमन लिपीत मराठी लिहितात. तुम्ही देवनागरीतच उत्तर द्या, पण सोपं. व्हॉइस मेसेज आला तर व्हॉइसनंच उत्तर द्या. सगळ्यांना अहो-जाहो. समोरचा 'काय रे' म्हणाला तरी.

चिडलेली कमेंट आली की हात थरथरतात. समजा, कुणी लिहिलं: 'दोन तास लाईनीत उभं होतो, डॉक्टर आलेच नाहीत. फुकट म्हणून माणसाला जनावर समजता का?' नव्या माणसाचं बोट 'डिलीट'कडे जातं. शिवी, धमकी, जातीवरून बोलणं, कुणाचा नंबर किंवा पत्ता असेल तर लपवा. तक्रार लपवू नका. ती लपवली की तिचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर जातो आणि मग ती तुमच्या हातात राहत नाही. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला अभिप्राय मोलाचा आहे' हेही लिहू नका. त्यानं माणूस दुप्पट चिडतो. आधी आत फोन करून काय झालं ते विचारा, मग लिहा:

'नमस्कार. डॉक्टर नऊला यायला हवे होते, ते सव्वाअकराला पोहोचले. तुम्हाला ताटकळावं लागलं, ही आमची चूक. तपासणी राहिली असेल तर उद्या सकाळी १० ला दवाखान्यात या, चौकशीच्या खिडकीवर सांगून ठेवलं आहे. नाव-नंबर इथं न लिहिता आम्हाला मेसेज करा.'

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. खिडकीवर सांगून ठेवलं असं लिहिलं तर खरंच सांगून ठेवा. आणि 'आमची चूक' हे शब्द वापरायची परवानगी आधीच, त्या तीन गोष्टींच्या कागदावर घेऊन ठेवा. तक्रार आल्यावर मागाल तर मिळत नाही. असं उत्तर दिल्यावर तक्रार करणारा बहुतेकदा गप्प होतो. कधी कधी तोच पुढच्या पोस्टखाली दुसऱ्याला वेळ सांगतो.

मोठं काही घडलं, म्हणजे अपघात, मृत्यू किंवा मारहाणीचा व्हिडिओ, तर पूर्ण माहितीची वाट बघत बसू नका. 'घटना आम्हाला कळली आहे. माहिती घेत आहोत. पुढचं संध्याकाळी ६ वाजता इथंच सांगू.' एवढं लगेच टाका आणि सहाला या, नवीन काही नसलं तरी. आधी ठरवलेल्या सणाच्या आणि आनंदाच्या पोस्ट त्याच मिनिटाला थांबवा. मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट आपोआप पडतात. बाहेर रडारड चालली असताना आत 'शुभ सकाळ' पडणं फार वाईट दिसतं.

आठवं: अफवा आणि बंद पडलेलं नेट

२०१८ च्या जुलैत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. संस्थेच्या नंबरवरून गेलेल्या मेसेजला लोक खरं मानतात, म्हणून तुमच्यावर जास्त जबाबदारी. दोन बाणांचं 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं चिन्ह दिसलं की तो मेसेज पुढं ढकलू नका. फोटो जुना आहे का ते गुगल लेन्सवर बघा. पाणी सुटण्याच्या वेळेसारखी साधी बातमीसुद्धा तपासूनच पाठवा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना त्या मेसेजची किंमत सांगायला नको. वॉर्डाचं नाव चुकलं तर बायका कामावरची सुट्टी टाकून रिकाम्या नळासमोर बसतात.

अफवा खोडताना तीच आधी लिहू नका. 'दवाखाना बंद होणार ही अफवा आहे' असं लिहिलं की अर्धे लोक पहिले तीन शब्द वाचून फोन करतात. 'दवाखाना चालू आहे, नेहमीच्या वेळेत' इथून सुरुवात करा.

आणि नेट बंद होऊ शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद होतं. अशा दिवशी डायलिसिसच्या रुग्णाला गाडी येणार की नाही हे कसं कळवणार? कागदावरची फोनयादी हवी, साधा एसएमएस हवा, गेटवर फळा हवा, आणि शेजारच्या गावांतल्या चार-पाच भरवशाच्या माणसांचे नंबर हवेत: सरपंच, आशाताई, किराणा दुकानदार, भोंगा लावलेला ऑटोवाला. सोशल मीडिया सांभाळणाऱ्याच्या कपाटात ही यादी नसेल, तर काम अर्धंच झालेलं आहे.

नववं: महिनाअखेर आणि ती वही

महिन्याच्या शेवटी साहेब विचारतात, 'लाईक किती?' आकडा सांगा, पण त्याच्या आधी दुसरं सांगा: किती लोकांनी विचारलं, किती जणांना त्याच दिवशी उत्तर गेलं, कुठला प्रश्न सगळ्यात जास्त आला आणि त्यावर संस्थेनं काय केलं. नोंदणीच्या टेबलावर 'कुठून कळलं?' असा एक रकाना वाढवा. व्हॉट्सॲप, फेसबुक, पाहुणे, ऑटो, बस, एवढे पर्याय पुरे. शिबिराला आलेल्यांत व्हॉट्सॲपवाले किती आणि ऑटोच्या भोंग्यावरून आलेले किती हे दिसलं, की पुढच्या वेळी पैसा कुठं घालायचा याचा वाद पाच मिनिटांत मिटतो. भोंगा जिंकला तर तेही लिहा. साहेबांना प्रामाणिक अहवाल आवडतो, आणि नाही आवडला तरी पुढच्या महिन्यात तुमच्या आकड्यावर विश्वास बसतो.

त्या वहीतले नवे प्रश्न पुढच्या महिन्याच्या पोस्ट होतात. कॅलेंडर असं आपोआप भरतं, दिनविशेष शोधत बसावं लागत नाही.

वहीच्या मागच्या पानावर तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी लिहून ठेवा: कुठलं खातं कुठल्या ईमेलवर, पेजवर अधिकार कुणाकुणाकडे, बॅकअप कोड कुठल्या पाकिटात, मंजुरीचा कागद कुठल्या फाइलला, खिडकीवर कुणाला विचारायचं. ऑफिसच्या सिमचा रिचार्ज कोण करतं आणि कुठल्या तारखेला, तेही लिहा. फार दिवस रिचार्ज न केलेला नंबर कंपनी बंद करून दुसऱ्या कुणाला तरी देते, आणि मग संस्थेचा ओटीपी त्याच्या फोनवर वाजतो.